एक तास दहा मिनिटं

सोग्विपो, १२ सप्टेंबर

बू सोक-जुन यांस,

तुझ्या बायकोचा, हे-वॉनचा, निरोप मोबाइलवर आला. चार ओळी आणि शेवटी कमरेत वाकून नमस्कार करणारा एक ससा. सशाचा नमस्कार पोचला. निरोपाबद्दल मात्र मला काही विचारायचं आहे, आणि ते मी फोनवर विचारणार नाही. फोनवर तू ‘बरं, बरं’ म्हणतोस आणि मागे कीबोर्डची टकटक चालू असते.

निरोप असा: बाबांचं श्राद्ध यंदापासून सोलला, तुमच्या मापोच्या फ्लॅटवर. तेरा नोव्हेंबर, संध्याकाळी आठ. ‘आई, तुम्ही या ना. एक तास दहा मिनिटांचा तर प्रश्न आहे.’

हे शब्द तीन वर्षं या घरात कोणी उच्चारलेले नाहीत. हे-वॉनला बिचारीला आठवत नसेल, तुला आठवत असेल. तुझ्या बाबांच्या फोटोला काळी फीत लावलेली होती, सगळा गाव सतरंजीवर बसून सूप पीत होता, आणि तू उभा राहून म्हणालास, ‘एक तास दहा मिनिटांपायी माझे बाबा गेले.’ त्यांच्या हृदयाची झडप खराब झाली होती, सोलच्या मोठ्या रुग्णालयात तू दिवस ठरवला होतास, विमानाच्या दोन जागा घेतल्या होत्यास, आणि ते गेटवरून परत आले. दीड महिन्यात गेले. तू बोललास बाबांबद्दल, पण बघत होतास माझ्याकडे. त्या दिवसापासून आपण श्राद्धापुरते पाहुणे आहोत.

तर, प्रश्नच आहे म्हणता, तर तो नीट सोडवू. चौतीस वर्षं मी मुलींना गणित शिकवलं. आमच्या कॉन्व्हेंटच्या सिस्टर कॉन्सिलिया म्हणायच्या, उत्तराकडे धावण्याआधी प्रश्न पुरता वाचा. विमानाची ही एक तास दहा मिनिटं कोठून कोठपर्यंत? माझ्या दारातून बसथांब्यापर्यंत चालत. मग बसने हाल्ला डोंगराला वळसा घालून विमानतळ. तिथेच तास-सव्वा तास गेला. मग रांग, मग पट्ट्यावर पर्स, मग गुडघ्यातल्या स्क्रूमुळे वाजणारं यंत्र आणि ‘आजी, हात वर करा’. मग वारा. वारा नसला तर रांगेतली इतर विमानं. सोलच्या गिम्पोला उतरल्यावर जमिनीखालची रेल्वे, दोनदा जिने. सकाळी निघालेली बाई संध्याकाळी तुझी बेल वाजवेल. यातला कुठला तुकडा तू मोजतोस आणि कुठला सोडून देतोस?

माझी सख्खी बहीण डोंगरापलीकडे, बेटाच्या दुसऱ्या टोकाला, जेजू शहरात राहते. इथून चाळीस किलोमीटर. आम्ही वर्षातून दोनदा भेटतो, कारण लांब पडतं. गेलं तर मुक्कामाची पिशवी घेऊन जातो. ‘डोंगर ओलांडायचा म्हणजे काय गंमत आहे का?’ असं इथला प्रत्येक माणूस म्हणतो. आणि साडेचारशे किलोमीटरवरचं सोल तुमच्या तोंडी शेजारच्या गल्लीसारखं. मला खरंच कळत नाही, लांब म्हणजे काय.

परवा कबरीवरचं गवत काढलं. तू आला नाहीस. तुझ्या चुलतभावाने यंत्र फिरवलं आणि काळ्या दगडांच्या भिंतीजवळचं मी विळ्याने कापलं. श्राद्ध चुकलं तर मेलेल्यांना कळतं, गवत चुकलं तर जिवंतांनाही दिसतं, असं तुझी आजी म्हणायची. तिने तुला चांगलं ओळखलं होतं.

यांग चोंग-इम

•

सोग्विपो, २० सप्टेंबर

सोक-जुन,

तुझं पत्र मिळालं. माझा मुलगा अजून पेनने लिहू शकतो हे पाहून बरं वाटलं. ‘श्राद्ध’ दोन्ही वेळा नीट लिहिलं आहेस.

तू लिहितोस, गेल्या वर्षी वाऱ्यामुळे विमानं उडालीच नाहीत, तू दिवसभर गिम्पोला बसून होतास, म्हणून श्राद्ध इथे ठेवण्यात अर्थ नाही. मान्य. तू बसला होतास यावर माझा विश्वास आहे. मी इथे तुझ्यासाठी ठेवलेला लाल मासा तिसऱ्या दिवशी मांजराला घातला, यावर तूही विश्वास ठेव.

आणि लिहितोस, ‘बाबांना कुठे बसने जायचंय, आई? आत्म्याला अंतर नसतं.’

हे वाक्य मी तीन दिवस चघळलं. मग सरळ चर्चमध्ये गेले. आमचे फादर नवीन आहेत, दैगूचे, वयाने तुझ्याहून लहान. त्यांना म्हटलं, “फादर, मेलेल्या माणसाला सोग्विपोहून सोलला जायला किती वेळ लागतो?”

ते हसले. मला ते बाप्तिस्म्याच्या नावानेच हाक मारतात. “आत्म्याला अंतर नसतं, मोनिकाबाई.”

“म्हणजे माझ्या मुलाने तुमच्याकडून चोरलं. बरं, मग ते जेवायला येतात की नाही?”

“ते देवाजवळ असतात. श्राद्ध आपण आठवणीसाठी करतो.”

“देव सोलला आहे की इथे?”

“सगळीकडे आहे.”

“मग माझ्या मुलाने मला इतक्या लांब का बोलावलं?”

फादरनी मला कॉफी पाजली. ती बरी होती.

परतताना दगडी कुंपणापाशी वल-सून सामचुन भेटली. (तुझी मुलगी योन-दु विसरली असेल तर तिला सांग, इथे वडीलधारी बाई असो की बुवा, सगळे सामचुन.) एक्क्याऐंशी वर्षांची झाली, अजून समुद्रात बुडी मारते. तिला विचारलं, तर पोटऱ्यांवरचं मीठ खाजवत म्हणाली, “मेलेलं माणूस माहीत असलेल्या वाटेनेच जातं. तुझा नवरा जन्मभर बोटीने गेला, बोटीनेच जाईल. मोकपोला उतरेल, मग आगगाडी.”

“म्हणजे पुरा दिवस मोडला. आदल्या दिवशी निघायला सांगावं लागेल.”

“सांग की. जिवंतपणी तरी कधी तुझ्या शब्दाबाहेर होता?”

“विमानाबाबत होता,” मी म्हटलं. तिने जाळं खांद्यावर घेतलं आणि वाट धरली. तिचं असं निघणं मला आवडलं नाही.

तर माझा घोटाळा असा आहे. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली बाई. मेलेला माणूस येऊन मुळ्याचं सूप पितो असं मी मानत नाही. पण तो येत नसेल तर मी गेली दोन वर्षं पहाटेपासून कणकेच्या घावनात मुळा गुंडाळत का बसते? आणि येत असेल, तर त्याला पत्ता बदलल्याचं कळवायला नको? तुझे बाबा आयुष्यात तीनदा सोलला आले: तुझी पदवी, तुझं लग्न, योन-दुचा पहिला वाढदिवस. तिन्ही वेळा बोटीने आणि आगगाडीने. तुमच्या या नव्या फ्लॅटमध्ये त्यांनी पाऊल ठेवलेलं नाही. तिथे दाराला आकडे दाबायचं कुलूप आहे. आपल्याकडे पहिलं ताट उंबरठ्याच्या देवाला मांडतात, मग घरच्या माणसाला आत घेतात. तुझ्या उंबरठ्यावर कोण आहे? कुरिअरवाला.

आता आठ वाजता. यावर मला राग आला आहे आणि तो साधा नाही. बाबा गेले चौदा नोव्हेंबरच्या पहाटे. म्हणून श्राद्ध मध्यरात्र उलटल्यावर, तो दिवस लागल्यावर. तुमच्या ऑफिसांसाठी तुम्ही ते आदल्या संध्याकाळी आठला ओढलंत. सोलमध्ये सगळे असंच करतात म्हणे. करोत. पण बेरीज करून बघ. आदल्या संध्याकाळी आठ वाजता तुझे बाबा जिवंत होते. जिवंत माणसापुढे तू श्राद्धाचं ताट मांडणार आहेस. आठ वाजता ते काय करत होते ते मला चांगलं ठाऊक आहे, पण तो या पत्राचा विषय नाही.

शेवटी तू विचारलं आहेस, ‘त्या दिवशी गेटवर बाबा काय म्हणाले? तू बरोबर होतीस.’

म्हणाले, बागेत काम आहे. बस्स.

यांग चोंग-इम

•

सोग्विपो, ९ ऑक्टोबर

सोक-जुन,

तुझं उत्तर आलं नाही. हे-वॉनचा फोन आला. तुला माहीत नसावं, म्हणून आधी सांगते: तिला रागावू नकोस. ती म्हणाली, “आई, मी स्वयंपाकघराच्या गॅलरीतून बोलतेय. हे आत आहेत.”

“मग हळू बोल. तुमच्या भिंती कागदाच्या.”

“ह्यांना अजून स्वप्न पडतं. बाबा गेटवर उभे असतात आणि विमानाचं दार बंद होतं. आणि आई, विमानात बसलं की हे घड्याळ काढून हातात धरतात. कुठेही जात असू. उतरल्यावर म्हणतात, झालं, एवढंच तर होतं. दर वेळी म्हणतात. योन-दु आता ह्यांच्या आधी म्हणते.”

मी गॅसवर भात आहे म्हणून फोन ठेवला. माझा भात विजेच्या कुकरमध्ये होतो, हे तिलाही माहीत आहे.

तेव्हापासून मी त्या दिवसाचा हिशेब परत परत मांडते आणि दर वेळी काहीतरी हातचं राहतं. तुला जेवढं माहीत नाही तेवढं लिहिते.

बाबांनी लग्नातला कोट घातला होता. बसमध्ये त्यांनी खिडकी घेतली आणि सबंध रस्ता बागा मोजल्या: कोणी झाकल्या, कोणाच्या झाडांना कीड. मला वाटलं, सुटलो. विमानतळावर कमरेचा पट्टा काढायला सांगितला तेव्हाही चेष्टा केली, “मास्तरीणबाई, पँट सांभाळायला तुम्ही येताय ना?” गेटपाशी आम्ही काचेसमोर बसलो. समोरून एक विमान पळत गेलं आणि उचललं. त्यांनी ते पळणं बघितलं. वर गेलेलं नाही, पळणं. तिथेच जमिनीवर बघत राहिले. मग उठले.

“चल, सोक-जुनच्या आई. बागेला पाणी द्यायचंय.”

आदल्या रात्री पाऊस झाला होता. मी हे बोलले. आणखीही बरंच बोलले, लोक वळून बघत होते. त्यांनी माझी पिशवी उचलली आणि चालू लागले.

परतीच्या बसमध्ये मी म्हटलं, “एवढाच वेळ या बसमध्ये बसता की नाही? एक तास दहा मिनिटं? चाळीस किलोमीटरला चालतात आणि साडेचारशेला चालत नाहीत?”

“बसमधून उतरता येतं,” ते म्हणाले.

मला वाटलं, उंचीला भ्यायले. सत्तरीला टेकलेला म्हातारा, बोटीतून दोन पुरुष उंचीच्या लाटा बघत भात खाणारा, आणि ढगाला भ्यायला. मी आठवडाभर त्यांना भाजी एकदाच वाढली. तेव्हा गेटवर काय झालं ते तुला माहीत नव्हतं आणि मलाही नव्हतं. मागच्या पत्रात मी लिहिलं ते त्या दिवसापुरतं खरं आहे.

पुढचं लिहायला बसले होते. तुझ्या आजीला दिलेला शब्द मध्ये आला. ती जाऊन एकोणीस वर्षं झाली. मेलेल्या बाईला दिलेला शब्द किती दिवस चालतो? हे मी फादरना विचारणार नाही, ते परत कॉफी पाजतील.

मोसंबी पिवळी व्हायला लागली आहेत.

आई

•

सोग्विपो, २८ ऑक्टोबर

सोक-जुन,

हे पत्र एकटा असशील तेव्हा वाच. मग हे-वॉनला दे. योन-दुला मोठी झाल्यावर.

तुझे आजोबा ओसाकाला गेले नव्हते.

तू लहानपणी त्यांच्या श्राद्धाला विचारायचास, ‘ओसाकाचे आजोबा येताना खेळणी का आणत नाहीत?’ आणि तुझी आजी म्हणायची, त्याने तिकडे दुसरा संसार थाटला, तिकडेच मेला, त्याला कुठली आठवण. तेव्हा तुला एक गोष्ट खटकायला हवी होती, मलाही लग्नानंतर चार वर्षांनी खटकली: त्यांचं श्राद्ध त्यांच्या वाढदिवशी व्हायचं. आपल्याकडे वाढदिवशी श्राद्ध कोणाचं करतात ते या बेटावर शेंबड्या पोरालाही माहीत असतं. ज्याचा मरणाचा दिवस माहीत नाही त्याचं.

त्यांना हिवाळ्यात सैनिकांनी बंडखोर ठरवून धरून नेलं. तुझे बाबा तीन वर्षांचे होते. डोंगराखालच्या गावांतून ट्रक भरभरून माणसं गेली, तशी. ट्रक कुठे गेला ते सगळ्यांना माहीत होतं आणि पुढची पन्नास वर्षं कोणी बोललं नाही. जेजू शहराबाहेरच्या विमानाच्या माळावर; तिथेच गोळ्या घालून पुरलं. तेव्हा तो नुसता माळ होता, आता तिथे विमानतळ आहे. ज्यांच्या घरातला माणूस असा गेला त्यांच्या मुलांना सरकारी नोकरी नाही, संस्थेत जागा नाही, पोरींना स्थळ नाही. म्हणून तुझ्या आजीने नवऱ्याला ओसाकाला पाठवलं, तिथे बाई ठेवली, त्याला बेइमान केलं, आणि मुलाला वाचवलं. मी विचारलं तेव्हा सगळं सांगून माझ्याकडून शब्द घेतला: “नातवाच्या कागदावर डाग नको.” तिला माफ करायचं की नाही ते तुझं तू बघ. मला अजून ठरवता आलेलं नाही.

पुढे तुझ्या लग्नाच्या सुमारास धावपट्टीजवळ खोदलं. हाडं निघाली. बाबांनी जाऊन रक्त दिलं, तुला सांगितलं की कोलेस्टेरॉलसाठी. जुळलं नाही. म्हणजे दुसरीकडे आहेत, किंवा तिथेच आहेत आणि अजून खाली आहेत. तेवढ्यात खोदणं थांबलं.

हे सगळं माहीत असूनही गेटशी मी ते जोडलं नव्हतं; कसं कळलं ते सांगते. गेटवरून परतल्याच्या आठव्या दिवशी मी मोसंब्यांच्या गोदामात क्रेट मोजत होते आणि बडबडत होते: पोराने जागा घेतल्या, डॉक्टर थांबले, तुम्हाला लाज नाही. ते दारात उभे होते. म्हणाले, “ते पळतं ना, उचलायच्या आधी. चाकं कोणाच्या छातीवरून जातात मला माहीत आहे. मी त्यात बसून, पट्टा बांधून, त्याच्यावरून जाऊ?”

मला सुचलं नाही की मी फटकन काहीतरी बोलते, तुला माहीत आहे. म्हटलं, “मग पाय वर घ्या.”

त्यांनी आपल्या बुटांकडे बघितलं. “घेतले तर चालेल?”

“कोणाला चालायला हवंय?”

“नाही, म्हणजे, तेवढं पुरे होईल?”

मला कळलं नाही की ते मस्करी करत नाहीत. मी म्हटलं, “मी काय देवाची कारकून आहे? घेऊन बघा.”

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गोदामात आले तर जेवणाच्या टेबलाच्या दोन खुर्च्या क्रेटच्या भिंतीकडे तोंड करून शेजारी मांडलेल्या. एका खुर्चीला क्रेट बांधायचा पट्टा. बाबा बागेतल्या रबरी बुटांत, कमरेला तो पट्टा आवळून बसलेले. “मास्तरीणबाई, घड्याळ लावा. एक तास दहा.”

मी स्वयंपाकघरातलं गजराचं घड्याळ आणलं आणि शेजारच्या खुर्चीत बसले. त्यांनी सांगितलं, तू बोलायचं. म्हणून मी बोलायची: “दार लागलं. आता वळतंय. आता धावपट्टी.” धावपट्टी म्हटलं की ते दोन्ही पाय जमिनीवरून उचलायचे आणि पुढे धरायचे, बुटांसकट. मांड्या थरथरायच्या. ओठ हलायचे, काय म्हणतात ते मी विचारलं नाही. मी “उचललं” म्हणेपर्यंत ते पाय खाली टेकवायचे नाहीत. कधी मी मुद्दाम लवकर म्हणायची, त्यांना धाप लागलेली बघून, तर डोळे वटारायचे. “एवढी छोटी आहे का पट्टी?”

पहिल्या दिवशी वीस मिनिटांत पट्टा सोडून बाहेर गेले. दुसऱ्या दिवशी त्याहून कमी. मग हळूहळू वाढलं. मध्ये मी पेर कापून द्यायची, म्हणजे हवाई सुंदरीचं कामही माझ्याकडेच. एकदा सामचुन अंडी द्यायला आली, आम्हाला अंधुक दिव्याखाली भिंतीकडे तोंड करून बसलेलं बघितलं आणि म्हणाली, “सिनेमा लागलाय का गं?” बाबा म्हणाले, “मध्ये बोलू नका सामचुन, समुद्रावर आहोत.” ती काही न विचारता अंडी ठेवून गेली. तिचे दोन भाऊ त्याच ट्रकमध्ये होते, हे मला फार नंतर कळलं.

मी म्हणायची, सोक-जुनला फोन करते, दुसरा दिवस घेऊ दे. ते म्हणायचे, “पाच वेळा सलग पुरं जमू दे. मग मी स्वतः करीन. या वेळी पोराची फजिती नको.”

तेरा नोव्हेंबरच्या संध्याकाळी पहिल्यांदा पुरं जमलं. पाय वर घेतले, खाली ठेवले, पेर खाल्ली, डुलकीसुद्धा काढली. घड्याळ वाजलं तेव्हा भिंतीवर आठ वाजले होते. पट्टा सोडून उभे राहिले, कोट असल्यासारखी छाती झटकली आणि क्रेटच्या भिंतीला म्हणाले, “सोल काय, आलंच की.” मग माझ्याकडे वळून, “एवढंच तर होतं.”

पहाटे गेले.

आता सांग, हे मी तुला सूप पिणाऱ्या गावासमोर कसं सांगायचं होतं? तू ते वाक्य बोललास आणि माझ्या तोंडाला कुलूप लागलं. पहिल्या दिवशी रागाने, मग सवयीने. डॉक्टर म्हणाले, शस्त्रक्रिया झाली असती तरी सांगता आलं नसतं. न सांगता येणं हे काय उत्तर झालं? मी तीन वर्षं हे गणित घेऊन बसले आहे. लवकर पाठवलं असतं तर. फोन केला असता तर. दोनदा सोडवलं की दोन उत्तरं येतात. तुझं उत्तर तू खूप आधी काढलंस आणि सगळ्यांना वाचून दाखवलंस. तुला ते बरोबर वाटत असेल तर असू दे. पण प्रश्न अर्धा वाचून काढलं होतंस.

आणि एक. आधीच्या पत्रात मी आठ वाजण्यावरून तुला बोलले. आता माझ्याच मनात घोटाळा आहे. आठ वाजता ते जिवंत होते हे खरं आहे. पण आठ वाजता ते सोलला पोचले होते हेही मी डोळ्यांनी बघितलेलं आहे.

आई

•

विमानात, १३ नोव्हेंबर

बाळ,

हे पत्र टपालात पडणार नाही, हातातच देईन. समोरच्या खुर्चीच्या पाठीला लावलेल्या फळीवर लिहितेय, म्हणून अक्षर गचाळ. सिस्टर कॉन्सिलियांनी मारलं असतं.

तुझ्या पत्रात एकच ओळ होती: ‘आई, आठ वाजता ठेवू की मध्यरात्री? तू म्हणशील तसं.’ तीन वर्षांत तू मला पहिल्यांदा काही विचारलंस. उत्तर द्यायला मी दहा दिवस घेतले, कारण मला येत नव्हतं.

सकाळी कबरीवर गेले. पत्ता सांगितला, मजला सांगितला, दाराचे आकडेही सांगितले. हे-वॉनला सांग, बदलू नका. म्हटलं, बोटीने यायचं तर कालच निघायला हवं होतं, आता माझ्याबरोबर दुपारच्या विमानाने चला, सराव झालेला आहे. बोलताना मला वेड्यासारखं वाटत होतं. सामचुन भिंतीवर बसून ऐकत होती. म्हणाली, “मोठ्याने सांग, त्याला डाव्या कानाने कमी यायचं.”

बस नेहमीसारखी. गुडघ्यातला स्क्रू वाजला. गेटपाशी मी काचेकडे पाठ करून बसले.

मग विमान वळलं आणि धावपट्टीच्या तोंडाशी थांबलं. मी इतक्या वेळा इथून उडाले आहे, मुलींच्या सहली घेऊन, तुझ्याकडे, आणि कधी पायांकडे बघितलं नव्हतं. ते पळायला लागलं. मी पाय उचलले. गुडघा ठणकला. मला कळेना किती वेळ धरायचे. शेजारी ‘उचललं’ म्हणायला कोणी नव्हतं. मनात म्हटलं, मामंजी, ही तुमची सून, आपली भेट नाही.

तेवढ्यात वाटेच्या पलीकडून आवाज आला. एक म्हातारी, माझ्याहून दहा वर्षांनी मोठी असेल, चपला काढून दोन्ही पाय सीटवर जवळ ओढून बसली होती. समोर खुर्चीत पट्टा बांधून बसलेली हवाई सुंदरी तिला सांगत होती, “आजी, पाय खाली घ्या, पाय खाली.” म्हातारी डोळे मिटून म्हणाली, “घेते गं पोरी. माळ तेवढा संपू दे.”

मी ऐकलं आणि माझे पाय आपोआप आणखी वर गेले.

वर आल्यावर आम्ही एकमेकींकडे बघितलं. तिने विचारलं, “कुठलं गाव?” मी सांगितलं. तिने तिचं सांगितलं, डोंगराच्या दुसऱ्या अंगाचं. एवढंच. मग तिने पिशवीतून मोसंबं काढून दिलं, आणि मी माझ्या पिशवीतलं तिला. दोन्ही सारखीच होती.

बाळ, मला अजून काही कळलेलं नाही. तुझे बाबा शेजारच्या रिकाम्या जागेवर आहेत की नाहीत, सांगता येत नाही; तिथे एका तरुणाने कोट ठेवला आहे. सोल लांब आहे की जवळ, तेही नाही. पण पुढच्या वर्षी गवत काढायला येशील, तेव्हा चाकं टेकताना घड्याळ खिशात ठेव आणि पाय वर घे. योन-दुलाही घ्यायला लाव. का विचारेल. सांग, खाली माणसं आहेत.

श्राद्ध आठलाच होऊ दे. तुमच्या दाराला आपोआप कुलूप लागतं, म्हणून मी बाबांचे बागेतले बूट आणले आहेत. एक फटीत अडकव. उंबरठ्याच्या देवाचं ताट बाहेर, कुरिअरवाल्याला ओलांडता येईल असं. मग भात वाढ. ते आलेले असतील. गोदामातलं घड्याळ मी आणलेलं नाही.

तुझी आई